आधी पाडस

ट्रलीजवळ, आयर्लंड, ९ जानेवारी २०२६

चि. केतकी,

तुझं कार्ड पोचलं. चौदा महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. 'ळ' अजून तसाच काढतेस, दोरीला गाठ मारल्यासारखा. ब्रीदने पाकीट टेबलावर ठेवलं आणि ती कोंबड्यांना दाणे घालायला गेली. चहा पार निवला तेव्हा मी ते फोडलं.

चार वाक्यं. दिवाळीत पुण्याला शुभदामावशी बोलता बोलता तुला म्हणाली, "ताई तुझी वाट बघत गेली गं." मी तर तुला सहा वर्षं सांगत आलो की आईनेच तुला कळवू नका म्हणून सांगितलं होतं. यातलं खरं काय ते लिहून द्या, फोन नको, फोनवर तुम्ही विषय बदलता. अद्वयला फेब्रुवारीत शाळेला आठवडाभर सुट्टी आहे; त्याला घेऊन ट्रलीला यायचं की नाही, ते उत्तर वाचून ठरवीन.

माझ्या सगळ्या शाळेत मिळून इतकी नेमकी प्रश्नपत्रिका मला कुणी काढली नव्हती.

उत्तर देतो. मी टाळत नाही. फक्त नीट लिहायचं तर जरा शांतपणा हवा, आणि इथे उद्याची गडबड चालली आहे. उद्या पहाटे मी ब्रीदबरोबर हरणाच्या शिकारीला जाणार आहे. हसू नकोस. हसलीस तरी चालेल, म्हणा.

तिच्या घरामागच्या उतारावर तिने ओकची रोपं लावली आहेत, माझ्या कमरेएवढी. डोंगरातली सिका जातीची हरणं थंडीत खाली उतरतात आणि शेंडे खाऊन जातात. तिचा नवरा होता तोवर तो मारायचा. तो गेल्यावर परवाना तिने स्वतःच्या नावाने काढला आणि शेजारच्या डोनलला बरोबर न्यायला लागली. हिवाळ्यात एकट्याने डोंगरावर जायचं नाही, हा तिचा नियम. काल डोनलचा गुडघा गेला.

"उद्या तू चल," ती म्हणाली.

"मी? मी अंडंसुद्धा खात नाही."

"खायला कोण सांगतंय? बघायचं आहे. दुर्बीण धरता येते ना?"

मग तिने बटाटे सोलता सोलता मला माझं काम समजावलं. जानेवारीत मादीच मारतात. बंदुकीच्या नळीवरच्या भिंगातून तिला एकच जनावर दिसतं, आजूबाजूचं दिसत नाही. आजूबाजूचं मी बघायचं. ती विचारेल, एकटी आहे का? आणि मी जे असेल ते सांगायचं.

"आणि पाडस असलं तर?"

"तर आधी पाडस. मग आई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती पुन्हा म्हणाली. आईमागे पाडस उरलं तर हिवाळ्यात ते मरतं, सावकाश मरतं. म्हणून इथले नीट शिकार करणारे आधी पाडस पाडतात. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढलेली बाई हे सोललेला बटाटा पाण्यात टाकत बोलली.

चौथीत आम्हाला हरिणीची एक कविता होती. गुरुजी ती म्हणायला लागले की वर्गातली खोडकर पोरंसुद्धा पायाच्या बोटांकडे बघत बसायची. पाडस वाचतं तिच्यात. तेव्हापासून मी ती मनात म्हणतोय, दोनच ओळी राहिल्यात, बाकीची वाहून गेली.

उत्तर पुढच्या पत्रात.

बाबा

---

११ जानेवारी

केतकी,

कालचं सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल.

सहाला निघालो. सगळीकडे हिम पडून गवत असं कडक झालेलं की पायाखाली पापड मोडावेत तसा आवाज. ब्रीद पुढे, मी मागे, तिच्या नवऱ्याचे गमबूट घालून. ते मला दोन नंबर मोठे आहेत, दोन मोज्यांवर निभावलं. ओढ्याच्या वर एक दगडी बांध आहे, त्याच्यामागे पोटावर पडून राहिलो. समोर लव्हाळी, त्याच्या वर वाळलेल्या तांबड्या नेच्यांचा पट्टा, आणि त्याच्याही वर स्प्रूसच्या लागवडीची काळी भिंत. माणसाने रांगेत लावलेलं जंगल. त्यात पक्षीसुद्धा बोलत नाहीत.

उजाडता उजाडता ती आली. खरं सांगतो केतकी, मी भान विसरलो. इतकी वर्षं जी हरिणी माझ्या डोक्यात होती ती चितळासारखी, ठिपक्यांची, पुस्तकातल्या चित्रातली. ही राखाडी होती, केसाळ, कपाळ रुंद. लव्हाळ्यात उभी राहून ती श्वास सोडायची तो दिसत होता.

ब्रीदने गाल बंदुकीला लावला. "एकटी आहे का?"

मी म्हणालो, "एकटी."

मग आवाज झाला. हरिणी दोन पावलं पुढे आली, कुणी हाक मारल्यासारखी, आणि खाली बसली. बसलीच. पडली असं वाटलंच नाही.

ती एकटी होती. निदान मी तसं म्हणालो.

आता आईचं. आईला दुखायला लागलं ते गणपतीच्या आधी. तू तेव्हा सातव्या महिन्यात, आणि तुझं पहिलं मूल आधीच गेलेलं, डॉक्टरने तुला विमानात पाऊल टाकायचं नाही असं बजावलेलं. हे तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. आईचा स्वभाव तुला ठाऊक. स्वतःचं दुखणं कधी बोलून दाखवायची नाही. त्यामुळे ती कळवू नका म्हणाली असली तर त्यात नवल

इथे ब्रीदने जेवायला हाक मारली. वाक्य अर्धं राहिलं ते राहू दे.

बाबा

---

१९ जानेवारी

केतकी,

तुझा मेसेज मिळाला. "बाबा, हरण नको. उत्तर." चार शब्द. तू लहानपणी गणिताच्या पेपरात अशी उत्तरं लिहायचीस, पायऱ्या गाळून, आणि मी ओरडायचो की पायऱ्यांना गुण असतात.

पण हरण सोडून मला पुढे जाता येत नाही गं. परवापासून प्रयत्न करतोय.

त्या दिवशी हरिणीचं पोट तिथेच लव्हाळ्यात साफ करावं लागतं. ब्रीद गुडघ्यावर बसली, बाह्या वर, हातातून वाफा निघत होत्या. मी पाठमोरा उभा राहिलो. तेवढ्यात तिचा हात थांबला.

"नंद, इकडे बघ."

बघावं लागलं. तिने आचळ दाबलं होतं. बोटावर दुधाचा थेंब.

"ही अजून पाजत होती. तू काय पाहिलंस?"

"काही नाही."

"मागे नेच्यात?"

"काही नाही म्हटलं ना."

तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "असेल. कुणीतरी पाडस आधीच मारलं असेल. किंवा गाडीखाली गेलं असेल." आणि हात गवताला पुसले. पण ती घरी गेली नाही. दिवसभर, पार संध्याकाळपर्यंत, त्या बांधामागे बसून राहिली, पाडस आईच्या वासाने परत येतं म्हणून. थर्मासमधला चहा संपला, बोटं निळी पडली. मी शेजारी बसलो होतो. तिला म्हणालो, "चल आता, काही नाहीये तिथे." दोनदा म्हणालो.

तेव्हापासून इथे रोज हिम पडतंय. ब्रीद चार दिवस पहाटे एकटीच बांधावर जाऊन आली, स्वतःचा नियम मोडून. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "अजून कशाला जातेस?"

"माझी गोळी आहे ती. तिच्यामागे जे काही उरलं असेल ते माझंच."

मी रोज दुपारी फिरायला जातो असं तिला सांगतो. खिशात ओटचे दाणे असतात. स्प्रूसच्या कडेने जाऊन मूठ मूठ टाकून येतो. दुसऱ्या दिवशी दाणे तसेच असतात, नाहीतर कावळ्यांनी नेलेले. काल मात्र ओढ्यापलीकडे शिट्टी ऐकली. ही हरणं शिट्टी घालतात, बारीक, रडक्या पोराने श्वास आत ओढावा तशी. मी उत्तर द्यायला गेलो, तोंडातून नुसती वाफ आली.

तुला कळलं असेलच. तू हुशार आहेस. नेच्यात दोन कान होते, केतकी. दुर्बिणीतून मला ते आईच्याही आधी दिसले होते.

एवढंच लिहवतं आज.

बाबा

---

२७ जानेवारी

केतकी,

पाडस सापडलं. मला नाही, ब्रीदला. किंवा मला आणि मग ब्रीदला.

काल दुपारी वरच्या कुंपणापाशी गेलो. मेंढ्यांसाठी तारेची जाळी लावलेली असते, वर दोन सुट्या तारा. उडी मारताना त्याचा मागचा पाय त्या दोन तारांच्या मध्ये पीळ बसून अडकला होता. डोकं खाली, पुढचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. किती दिवस होतं कोण जाणे. पायाखालचं सगळं गवत, मातीसुद्धा, पोचेल तिथवर खरवडलेली. पाठीचा कणा वरून मोजता येत होता. मी जवळ गेलो तसं ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही.

मी तार ओढली. पिळलेली तार हाताने सुटते का? तळहात फाटला. मी त्याला बोलत होतो, मराठीत, काय बोलत होतो सांगायची लाज वाटते, तीच चौथीतली कविता म्हणत होतो, त्या दोन ओळी, पुन्हा पुन्हा. त्याचा डोळा माझ्याकडे नव्हता. तो कुठेच नव्हता.

मग खाली उतरून ब्रीदला आणायला गेलो. मोठ्या बुटात दोनदा पडलो. ती दारातच होती. माझ्या हाताचं रक्त पाहून आधी ती पट्टीच आणायला वळली. मी म्हणालो, "पट्टी नको. बंदूक घे."

तिने एकही प्रश्न विचारला नाही. वर जाईपर्यंत नाही. तिथे पोचल्यावर तिने पाडसाकडे पाहिलं, वय पाहिलं, मग माझे ओटचे दाणे पाहिले, गवतात विखुरलेले.

"मागे हो," म्हणाली.

मी मागे झालो. आवाज झाला.

तार कापून तिने त्याला खाली ठेवलं, अलगद, एखाद्या पेशंटला ठेवावं तसं. गुडघ्यावरून उठताना मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही.

"तू 'एकटी' म्हणालास," ती म्हणाली.

"मला ते वाचवायचं होतं."

"माहीत आहे. तू तसाच आहेस, म्हणून तर मी तुला इथे आणलं. पहिलं खोटं मी समजू शकते, नंद. जीभ घसरली. पण दूध दाखवलं तेव्हा? तेव्हा सांगितलं असतंस तर मी अंधार पडायच्या आत ते शोधलं असतं. एका गोळीत झालं असतं. दुसरं खोटं तू पाडसासाठी नाही बोललास. पहिलं उघडं पडू नये म्हणून बोललास."

मी फाटका तळहात कोटाला पुसला. 

"तुझी दया मला सोळा दिवसांनी पुरी करावी लागली," ती म्हणाली, आणि बंदूक खांद्याला लावून चालायला लागली. मग थांबून, मागे न बघता, "हाताला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं. गाडी काढते."

टाके पडले. सहा. रांगेत बसलो तेव्हा ती शेजारी होती, पण रिसेप्शनवरच्या मुलीने "मिसेस?" असं विचारलं तर म्हणाली, "शेजारीण." घरी आल्यावर माझ्यापुढे सूप ठेवलं आणि स्वतः वर झोपायला गेली. सकाळी बोलली ती कोंबड्यांबद्दल.

तुमच्या सँट्रीच्या लायब्ररीत म्हाताऱ्यांची दुपार असायची, आठवतं? तूच मला सोडायला यायचीस. प्रत्येकाने शाळेतली एक कविता म्हणायची. मी मराठीत म्हटली आणि ही बाई, बहिणीला बघायला डब्लिनला आलेली, मागच्या खुर्चीवरून म्हणाली, "तुमच्याकडेही छडी मारून पाठ करून घ्यायचे का?" त्या एका वाक्यावर मी तुझं घर सोडून इकडे आलो. तू म्हणालीस, आईची जागा इतक्या लवकर. मी म्हणालो, तुला नाही कळणार. आज ब्रीदही मला जागा देत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

ती म्हणाली ते दुसऱ्या खोट्याचं. काल रात्रभर मी तेच मोजत होतो, माझी किती झाली.

बाबा

---

१ फेब्रुवारी

केतकी,

आज इथे वसंताचा पहिला दिवस मानतात. बाहेर गारा पडताहेत. टाक्यांच्या डाव्या हाताने कागद दाबून लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

उत्तर.

आई तुला कळवू नका म्हणाली नाही. कधीही नाही. ते मी रचलं.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी शारदा म्हणाली, "केतकीला बोलवा." मी म्हणालो, "हो, करतो फोन." केला नाही. तू आलीस आणि वाटेत बाळाला काही झालं तर, या भीतीने केला नाही. हे पहिलं. याबद्दल तू मला माफ कर किंवा करू नकोस, पण त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही, आणि आजही सुचत नाही.

आठ दिवसांनी तिने विचारलं, "फोन लागला का?" चौतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात लोकांचे ट्रंककॉल जोडले. मी म्हणालो, "लागला. तिला डॉक्टर सोडत नाहीत." ती म्हणाली, "नाही येऊ शकत तर नको. बोलू दे तरी. तोंड दिसू दे." तेही करता आलं असतं, केतकी. पण तू तिचा चेहरा पाहिला असतास तर मी आठवडाभर गप्प बसलो होतो हे तुला कळलं असतं. बाळाचं कारण मी पुढे करत राहिलो, पण तेव्हापासून मी बाळासाठी काही करत नव्हतो.

म्हणून मी तिला सांगितलं की तुला कामाचा फार ताण आहे, सवड झाली की तूच करशील. आणि तू दर रविवारी करायचीस तेव्हा तुला सांगितलं की आई झोपली आहे, शुभदाकडे गेली आहे, ॲसिडिटी आहे, कॅमेरा बिघडलाय. फोनचा आवाज बंद करून मी तो खिशात ठेवायचो. एका रविवारी तिच्या उशाशी बसलो असताना तो खिशात थरथरला. तिने डोळे उघडले. "कुणाचा?"

"चुकीचा नंबर," मी म्हणालो.

तो तुझा होता. तिला चौदा दिवस उरले होते.

तिने नंतर विचारायचं सोडलं. शुभदाला मी सांगितलं होतं की तुला सगळं कळवलंय; ती येऊन बसायची, तिच्याशी आई बोलली असेल. माझ्याशी तुझं नाव काढलं नाही. मला वाटलं, विसरली, औषधाची गुंगी आहे. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

ती गेल्यावर तू फोनवर किंचाळलीस, "मला का नाही सांगितलं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या आईनेच सांगितलं, कळवू नका." तयारच होतं जणू. तू गप्प झालीस. त्या गप्प होण्यावर मी पुढे वर्षानुवर्षं डब्लिनला तुझ्या घरी जेवलो, अद्वयला मांडीवर घेतलं, तू आईच्या फोटोला हार घालताना बाजूला उभा राहिलो. तू तिच्यावर रुसलेली होतीस, मला दिसत होतं. फोटोकडे तू नीट बघायची नाहीस. एका शब्दाने मला ते थांबवता आलं असतं.

तू अद्वयला आणणार नाहीस हे धरून मी हे लिहितोय. त्याने तिकडे विचारलं तर माझ्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. खोटं सांगू नकोस एवढंच, माझी बाजू घेणारंसुद्धा.

अजून एक राहिलं आहे. मी ते तुला द्यायला हवं होतं, तेव्हाच, पण ते द्यायचं तर आधी हे सगळं द्यावं लागलं असतं, म्हणून ठेवून घेतलं. शेवटच्या सोमवारी सकाळी ती चांगली शुद्धीत होती. मला जवळ बोलावलं. म्हणाली, केतकीला निरोप द्या. तिचे शब्द मी एकही न बदलता लिहितो:

"तिला म्हणावं, आली नाहीस, फोन केला नाहीस, मी रागावले नाही. माझंही बाळंतपण आईविना झालं, तुझंही होईल. रडू नकोस, दुधावर परिणाम होतो. डोक्याला रुमाल बांध, कानात कापूस घाल, तिकडे वारा फार असतो म्हणे. आणि बाळाला सांग, आजी येणार होती."

बाबा